विश्वातील जीवसृष्टीचे दूरचे भवितव्य आणि आपली आशा

प्रतिवर्षी नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या परलोकवासी आप्तांचे विशेष स्मरण करतो. २ नोव्हेंबर रोजी जळगाव, भुसावळ, धुळे परिसरातील भाविक दफनभूमीत जमतात. कबरींवरचे गवत काढले जाते, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात आणि धर्मगुरू पवित्र जल शिंपडतात. अशाच एका सायंकाळी, प्रार्थना आटोपून मंडळी परतू लागली असता, विज्ञान शाखेत शिकणारा एक युवक आमच्याजवळ आला. त्याची आजी जाऊन वर्षही झाले नव्हते. तिच्या कबरीच्या दगडावर 'सार्वकालिक जीवन' हे दोन शब्द कोरलेले होते. त्यांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सूर्यालाच शेवट आहे, असे आम्हाला कॉलेजात शिकवतात. मग सार्वकालिक म्हणजे नेमकी किती वर्षे?" त्याच्या आईने त्याला लगेच दटावले, "अशा ठिकाणी असले काही बोलू नये रे."

आमच्या मते त्या माउलीने त्याला दटावायला नको होते. प्रश्न प्रामाणिक होता आणि जागाही योग्यच होती. अशा प्रश्नांना घरात व मंदिरात उत्तर मिळाले नाही, की मुले ते विचारणे सोडून देतात आणि पुढे आपल्यालाही सोडून देतात. म्हणून विश्वातील जीवसृष्टीच्या दूरच्या भवितव्याविषयी विज्ञान आज काय सांगते आणि त्याचा आपल्या श्रद्धेशी संबंध कोठे येतो, कोठे येत नाही, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहोत.

आरंभ खानदेशातूनच करू. चाळीसगावच्या दक्षिणेस, गौताळा अभयारण्याच्या डोंगरकुशीत पाटणादेवीचे प्रसिद्ध स्थान आहे. पाटण येथे मिळालेला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. हा लेख इ.स. १२०७ चा, देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या काळातील आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा त्या राजाचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापिला, आणि तेथील निकुंभ वंशाच्या अधिपतींनी त्याला देणगी दिली, असे त्या लेखात नोंदविले आहे. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, परंतु मठाला लावून दिलेल्या उत्पन्नाचा तपशील जुन्या मराठीत आहे. आकाशाच्या अभ्यासाचा खर्च बाजारपेठेतील उत्पन्नातून कसा भागवावयाचा, हे आठशे वर्षांपूर्वी खानदेशात मराठीतून दगडावर लिहून ठेवले गेले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ चा, आणि 'सिद्धान्तशिरोमणी' त्यांनी १९५० च्या आठशे वर्षे आधी, म्हणजे ११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी पूर्ण केला. ग्रहांची गणिते करताना त्यांनी 'कल्प' हे कालमान वापरले. एक कल्प म्हणजे ४,३२,००,००,००० वर्षे. भारतीय परंपरेत तो ब्रह्मदेवाचा एक दिवस मानला जातो. तो संपला की तितक्याच लांबीची रात्र, आणि त्या रात्री सृष्टीचा लय. ही धर्मकल्पना आपली नव्हे, हे उघड आहे. तथापि जगाचे आयुष्य अब्जावधी वर्षांत मोजण्याची सवय त्या मठातील विद्यार्थ्यांना होती. त्यानंतर साडेचार शतकांनी, १६५० साली, आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर हे जगाचा प्रारंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये झाला, असे गणित मांडीत होते.

आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. ते कल्पाच्या जवळ येते म्हणून काही मंडळी लगेच 'आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते' असे म्हणू लागतात. हा योगायोग आहे. कल्प हा पृथ्वीचे वय मोजून काढलेला आकडा नव्हे. पृथ्वीचे व सूर्यमालेचे वय ठरविण्यास उपयोगी पडले ते दगड, विशेषतः आकाशातून पडलेले. असा एक दगड १८४३ साली आपल्या जळगाव जिल्ह्यातील मानेगाव येथे पडला होता. उल्काशास्त्रात तो 'मानेगाव' याच नावाने नोंदलेला आहे. तो डायोजेनाइट या दुर्मीळ प्रकारचा असून, हे दगड मंगळ व गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या वेस्टा या लघुग्रहापासून तुटून आले, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्या जातीच्या दगडांचे वय सुमारे साडेचार अब्ज वर्षे भरते. सूर्याच्या बाल्यावस्थेतील साक्षीदार खानदेशच्या काळ्या मातीत येऊन पडला होता!

आता पुढच्या काळाकडे वळू. सूर्य आपल्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम करतो. हेलियम जसजसे साठत जाते तसतसा गाभा आकुंचन पावतो, अधिक तापतो आणि सूर्याचे तेज वाढते. जन्मापासून आतापर्यंत ते सुमारे ३० टक्क्यांनी वाढले आहे, आणि यापुढे दर १०० कोटी वर्षांना अंदाजे १० टक्क्यांनी वाढत जाईल. म्हणजे सूर्य विझण्याच्या फार आधी तो पृथ्वीला असह्य होणार आहे. जीवसृष्टीचा शेवट अंधाराने होईल अशी आपली समजूत असते. पृथ्वीपुरते पाहिले तर तो उन्हाने होईल, आणि उन्हाविषयी जळगावकरांना अधिक सांगण्याची गरज नाही.

परंतु उष्णतेच्याही आधी एक दुसरी गोष्ट घडेल, आणि ती समजण्यास आपल्या शेतातील मातीच पुरेशी आहे. खानदेशची काळी कसदार जमीन ज्वालामुखीच्या खडकापासून झाली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हारस पसरले. धुळे व नंदुरबार परिसरात जमिनीतून भिंतीसारखे उभे राहिलेले लांबच लांब दगडी पट्टे दिसतात, ते त्या काळी भेगांत थिजलेल्या लाव्ह्याचेच आहेत. या काळ्या खडकावर पाऊस पडतो. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते. ते खडक झिजविते, त्यातील कॅल्शियम सोडविते. गिरणा, पांझरा यांचे पाणी तापीला मिळते, तापी ते समुद्रात नेते, आणि तेथे शिंपले-शंखांच्या रूपाने तो कार्बन चुनखडीत बंदिस्त होतो. जमिनीखालचे ज्वालामुखी त्यातील काही भाग पुन्हा हवेत सोडतात. याप्रमाणे हा हिशेब कोट्यवधी वर्षे तोलला गेला आहे.

सूर्य अधिक तापला की खडक अधिक वेगाने झिजतात आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी कमी होत जातो. वनस्पतींचे अन्न तेच. येथे सर्व पिकांची गती सारखी नाही. केळी, कापूस, गहू, हरभरा ही पिके ज्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात तिला हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे १५० भाग तरी कार्बन डायऑक्साइड लागतो. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांची पद्धत निराळी आहे. ती फार थोड्या प्रमाणातही चालते. म्हणजे रावेर-यावलच्या केळीची जात जेथे हार खाईल तेथे ज्वारी-बाजरीची जात पुढेही कोट्यवधी वर्षे तग धरू शकेल. गरिबाचे धान्य शेवटपर्यंत टिकते, असे आमच्या मनात आल्यावाचून राहिले नाही. अर्थात त्या वेळी आजची ही पिके जशीच्या तशी असतील असे कोणी म्हणत नाही. प्रश्न त्या पद्धतीचा आहे. वनस्पतींचा हा शेवट कधी, याविषयी एकमत नाही. पूर्वीचे अंदाज ६० कोटी ते १०० कोटी वर्षांच्या आसपास होते, तर २०२४ मधील एका अभ्यासाने ती मुदत दीड अब्ज वर्षांपलीकडे नेली.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. कार्बन डायऑक्साइड पुढे कमी पडणार आहे, तर आज तो वाढला म्हणून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. औद्योगिक युगापूर्वी त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० होते, आज ते ४२० च्या वर गेले आहे, आणि ही वाढ दोन-अडीच शतकांत झाली. कोट्यवधी वर्षांचा हिशेब शेतकऱ्याच्या या वर्षीच्या करपलेल्या घडांना उपयोगी पडत नाही. पोप फ्रान्सिस यांचे २०१५ चे 'लाउदातो सी' हे विश्वपत्र याच नजीकच्या काळाविषयी आहे.

वनस्पतींमागून प्राणी जातील. पुढे समुद्र आटू लागतील, आणि अखेरीस खोल खडकांत, खाऱ्या डबक्यांत सूक्ष्मजीव तेवढे उरतील. पृथ्वीवरील जीवनाचा आरंभ साडेतीन अब्ज वर्षांहूनही पूर्वी सूक्ष्मजीवांनीच झाला होता. हिशेब मांडला तर या ग्रहावरील जीवसृष्टीने आपल्या आयुष्याचे दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक अंतर केव्हाच चालून संपविले आहे. आपण मानव त्यात आलो ते अगदी सायंकाळच्या मिस्सेला.

सुमारे ५ अब्ज वर्षांनंतर सूर्य फुगू लागून तांबडा राक्षसी तारा होईल. बुध व शुक्र त्यात नाहीसे होतील. पृथ्वीही बहुधा गिळली जाईल. मागे उरेल तो पृथ्वीएवढ्या आकाराचा श्वेत बटू, जो निवत निवत काळवंडत जाईल.

तोपर्यंत जीवन दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती गेलेले असेल किंवा तेथे स्वतंत्रपणे जन्मलेले असेल, ही शक्यता आहे. म्हणून प्रश्न पृथ्वीपुरता राहत नाही. आपली आकाशगंगा आणि तिची मोठी शेजारीण देवयानी दीर्घिका यांची टक्कर सुमारे ४ अब्ज वर्षांनी निश्चित होणार, असे २०१२ मध्ये जाहीर झाले होते. जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या गणितानुसार येत्या १० अब्ज वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मीच आहे. देवयानीचा पूर्वेतिहास उलगडण्यात आपल्या एका शेजाऱ्याचा मोठा वाटा आहे. येशूसंघाच्या गोवा प्रांताचे फादर रिचर्ड डिसोझा यांनी एरिक बेल यांच्यासमवेत २०१८ मध्ये दाखवून दिले, की देवयानीने सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका गिळंकृत केली होती, आणि आज तिच्याशेजारी दिसणारी एम-३२ ही छोटी दीर्घिका हा तिचा उरलेला गाभा आहे. हेच फादर डिसोझा सप्टेंबर २०२५ पासून व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक झाले. दीर्घिकांच्या अशा टकरीत तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत, कारण त्यांतील अंतरे प्रचंड असतात. जीवसृष्टीला अशा घटनेचे भय त्या मानाने कमी.

खरे भय इंधनाचे. तारे वायूपासून बनतात आणि वायू संपत चालला आहे. येथे पुन्हा भास्कराचार्य मदतीला येतात. 'लीलावती'त त्यांनी एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत संख्यांची अठरा नावे दिली आहेत. आज आपण अब्जाशी थांबतो. त्यापुढे खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी अशी नावे आहेत. एकावर तेरा शून्ये म्हणजे शंकू, चौदा म्हणजे जलधी. सर्वांत लहान लाल बटू तारे फार काटकसरीने जळतात. त्यांचे आयुष्य सुमारे एक शंकू वर्षे. नवे तारे जन्मण्याचे काम थांबून अखेरचे तारे विझतील तो काळ सुमारे एक जलधी वर्षांचा. त्यापुढे कृष्णविवरे आणि थंड राख. मोठ्यात मोठी कृष्णविवरे विरून जाण्यास एकावर शंभर शून्ये इतकी वर्षे लागतील, असे गणित आहे. तेथवर 'लीलावती'तील नावेही पोहोचत नाहीत.

ताऱ्यांच्या मागे जीवन तगेल काय? या प्रश्नाला १९७९ मध्ये फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञाने गंभीर उत्तर देण्याचा प्रयत्न केला. त्यांचा युक्तिवाद खानदेशातील शेतकऱ्याला चटकन समजेल. उन्हाळ्यात विहीर आटत जाते तेव्हा आपण पाणी पुरवून पुरवून वापरतो; आज दोन तास मोटर, पुढच्या आठवड्यात एक, नंतर अर्धा तास. डायसन म्हणाले, विश्व थंड होत जाईल तसे बुद्धिमान जीवन आपला वेग मंद करील, दीर्घ निद्रा घेईल, क्षणभर जागे होऊन विचार करील आणि पुन्हा निजेल. प्रत्येक जागृतीला लागणारी ऊर्जा कमी कमी होत गेली, तर मर्यादित साठ्यावर अमर्याद विचार करता येतील. विहिरीत थेंब उरले असले तरी ती कधीच पुरती कोरडी पडणार नाही.

ही आशा १९९८ पर्यंत टिकली. त्या वर्षी दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणावरून असे आढळले, की विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगाने चालले आहे. या शोधास २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामागे असलेल्या अज्ञात कारणाला कृष्ण ऊर्जा असे नाव आहे. ती स्थिर राहिली तर दूरच्या दीर्घिका एकेक करून दृष्टिआड होतील आणि विश्वाचे तापमान एका अत्यंत नीचतम मर्यादेखाली उतरणार नाही. मग डायसन यांची काटकसर चालत नाही. अंथरूण पाहून पाय आखडण्यालाही शेवट येतो. लॉरेन्स क्राउस व ग्लेन स्टार्कमन यांनी २००० च्या सुमारास हेच दाखविले. मात्र निकाल अंतिम नाही. डेसी या मोठ्या सर्वेक्षणाच्या २०२४ व २०२५ च्या निष्कर्षांतून कृष्ण ऊर्जा काळानुसार दुर्बल होत असावी, असे संकेत मिळाले आहेत. ते खरे ठरले तर हे सर्व गणित पुन्हा मांडावे लागेल.

याविषयी मराठीत लिहिताना डॉ. जयंत नारळीकर यांचे स्मरण अपरिहार्य आहे. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले हे शास्त्रज्ञ २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. विश्वाला आदी नाही व अंतही नाही, ही भूमिका त्यांनी फ्रेड हॉइल यांच्यासह आयुष्यभर मांडली. १९९३ मध्ये दोघांनी जेफ्री बर्बिज यांच्यासमवेत त्या सिद्धांताला नवे रूप दिले. त्यात विश्व आवर्तने घेत वाढत जाते आणि नवे द्रव्य निर्माण होत राहते. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. पण प्रयोग करून पाहण्याची त्यांची वृत्ती अनुकरणीय होती. जीवनाची बीजे अंतराळातून येतात काय, हे तपासण्यासाठी २००१ व २००५ मध्ये हैदराबादहून त्यांच्या पुढाकाराने फुगे सोडण्यात आले. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने घेण्यात आले. तेथे जिवंत सूक्ष्मजीव सापडले, त्यांत तीन जाती नव्या होत्या, आणि एकीला हॉइल यांचे नाव देण्यात आले. ते बाहेरून आले हे सिद्ध झाले नाही. परंतु इतक्या थंड, विरळ व किरणांनी भाजलेल्या हवेतही जीवन तग धरते, ही गोष्ट लहान नव्हे.

आता श्रद्धेचा प्रश्न. विश्वाला आरंभ आहे, ही कल्पना आधुनिक विज्ञानात मांडणारे पहिले गृहस्थ एक कॅथोलिक धर्मगुरू होते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात अभिमानाने सांगतो. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये प्रसरणशील विश्वाचे गणित आणि १९३१ मध्ये 'आद्य अणू'ची कल्पना मांडली. त्यापुढची हकीकत मात्र आपण सहसा सांगत नाही. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी परमगुरुपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण करताना हा नवा सिद्धांत सृष्टिनिर्मितीला दुजोरा देतो, अशा आशयाचे उद्गार काढले. लमेत्र यांना ते रुचले नाही. विज्ञानाचा सिद्धांत उद्या बदलू शकतो; त्याला श्रद्धेचा पुरावा बनविणे दोहोंनाही घातक, असे त्यांचे मत होते. त्यांनी व व्हॅटिकन वेधशाळेचे तत्कालीन संचालक फादर डॅनियल ओकॉनेल यांनी आपले म्हणणे योग्य जागी पोहोचविले. पुढील वर्षी रोम येथे खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोप महोदयांनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

जे आरंभाविषयी खरे तेच अंताविषयी. २०१२ च्या डिसेंबरात जग बुडणार म्हणून जी हूल उठली होती ती कित्येकांना आठवत असेल. आजही अधूनमधून जगदंताच्या तारखा सांगणारी पत्रके व मोबाइलवरील संदेश फिरत असतात. त्यांना उत्तर म्हणून 'घाबरू नका, सूर्य अजून पाच अब्ज वर्षे आहे' असे सांगणे जितके सोपे तितकेच चुकीचे. कारण मग आपली आशा सूर्याच्या इंधनावर टांगली जाते. तो दिवस व ती घटका कोणास ठाऊक नाही, असे प्रभूने शिष्यांना सांगितले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही पृथ्वी व मानवजात पूर्णत्वास कधी जाईल आणि विश्वाचे रूपांतर कसे होईल, हे आपल्याला ठाऊक नाही, अशी स्पष्ट कबुली दिली. तेथे शब्द रूपांतराचा आहे, हे लक्षात घ्यावे.

म्हणून ख्रिस्तसभेने हा विषय टाळला असे मात्र नाही. १ जून १९८८ रोजी व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर जॉर्ज कॉइन यांना लिहिलेल्या पत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनीच विचारले होते, की विश्वापुढे एवढा अफाट भविष्यकाळ पसरला असताना अंतिम गोष्टींविषयीच्या आपल्या शिकवणीवर त्याचा काय परिणाम होतो. नोव्हेंबर २००० मध्ये रोम येथे विज्ञान अकादमीच्या वास्तूत याच विषयावर शास्त्रज्ञ व ईशज्ञानी एकत्र बसले. डायसनही त्यांत होते.

अडचण खरी आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. आपण आत्म्याच्या अमरत्वावरच थांबत नाही. शरीराचे पुनरुत्थान आणि नवी सृष्टी यांवरही आपला विश्वास आहे. सृष्टीच थंड राखेत संपणार असेल तर नवी होणार ती कोणती? भौतिकशास्त्रज्ञ असून पुढे अँग्लिकन धर्मगुरू झालेले जॉन पोल्किंगहॉर्न यांनी याचे जे उत्तर दिले ते आम्हाला पटते. ते म्हणत, विश्वाचा अब्जावधी वर्षांनंतरचा मृत्यू हा आपल्या काही दशकांनंतरच्या मृत्यूपेक्षा तत्त्वतः वेगळा प्रश्न नाही. त्या युवकाची आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या देहातही आणखी पुरवून वापरण्यासारखे काही उरले नव्हते. तिच्याविषयी आपण जी आशा धरतो ती तिच्या पेशींच्या बळावर धरत नाही. ज्याने त्या दिल्या त्याच्या प्रामाणिकपणावर धरतो. विश्वाविषयीही तसेच. देवयानी दीर्घिकेपुढे एक प्रश्न आणि धुळ्याच्या दफनभूमीत दुसरा, असे नाही.

राहिला मूळ प्रश्न : सार्वकालिक म्हणजे किती वर्षे? सहाव्या शतकातील विचारवंत बोएथियस यांनी सांगितले, की सार्वकालिकता म्हणजे न संपणारी लांबी नव्हे, तर परिपूर्ण जीवन सबंधपणे एकाच वेळी लाभणे. संत ऑगस्टिन यांच्या मते काळ हाही सृष्टीबरोबरच निर्माण झाला; तेव्हा परमेश्वराचे जीवन वर्षांनी मोजता येत नाही. ही गोष्ट अवघड वाटत असेल तर पुन्हा पाटणच्या मठात डोकावावे. भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटले आहे. तिच्यात कितीही मिळवा, कितीही वजा करा, तिच्यात फरक पडत नाही. हे समजावताना त्यांनी दिलेला दृष्टांत गणिताच्या पुस्तकात अनपेक्षित आहे : प्रलयकाळी असंख्य जीव ईश्वरात लीन झाले आणि सृष्टिकाळी असंख्य बाहेर आले, तरी त्या अनंताच्या ठायी बदल होत नाही. त्यांची ईश्वरकल्पना व आपली एक नव्हे. आपल्या विश्वासानुसार जीव ईश्वरात विरून जात नाहीत, तो प्रत्येकाला नावाने हाक मारतो. परंतु अनंत म्हणजे फार मोठा आकडा नव्हे, ही जाण दोन्हीकडे आहे. शंकू, जलधी, परार्ध यांची कितीही बेरीज केली तरी त्या कबरीवरच्या शब्दांपर्यंत पोहोचता येत नाही, कारण ते शब्द त्या मोजपट्टीवरचे नाहीतच.

त्या युवकाला आम्ही हे सर्व एका बैठकीत सांगू शकलो नाही. काही दिवसांनी त्याच्या घरी गेलो, तेव्हा रात्री गच्चीवर बसून बोलणे झाले. नोव्हेंबरच्या मध्यास रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास देवयानी दीर्घिका खानदेशात जवळजवळ डोक्यावर येते. पूर्वा व उत्तरा भाद्रपदांच्या ताऱ्यांचा मोठा चौकोन आधी शोधावा, मग त्याच्या उत्तरेस शर्मिष्ठेची इंग्रजी एम अक्षरासारखी आकृती. या दोहोंच्या दरम्यान, गावातील दिव्यांपासून दूर गेल्यास, एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचा प्रकाश तेथून निघून सुमारे २५ लाख वर्षे झाली. शहरात दुर्बीण लागते. शेतात लागत नाही. त्याची आईही वर आली होती. तिला तो ठिपका दिसायला बराच वेळ लागला, आणि दिसल्यावर ती पुष्कळ वेळ तेथेच उभी राहिली.